आमच्या मोरीतला नळ

नाही म्हटलं ना, मामा! ती पेटी आमच्या बोर्डावर नाही, आधी कधी नव्हती, आणि नाही म्हणून आमचं काही अडलेलंही नाही. मीटर आहे, मेन स्विच आहे, चिनी मातीचे फ्यूज आहेत — बस्स की! एवढ्यावर सगळी कमरीपेठ दिवे लावते. तुम्ही मघापासून त्या बोर्डापुढं मान वर करून उभे आहात, रग लागेल मानेला, या, इकडं झोपाळ्यावर बसा. हे आणि आमचा नारायण पानं-फुलं आणायला दुर्गदबैलच्या बाजारात गेलेत, येतीलच इतक्यात. आणि तो टेस्टर आधी खिशात घाला बघू. मुलीचा मामा घर बघायला येणार म्हणून मी सकाळपासून शेंगांची होळगी, तुमची शेंगदाण्याची पोळी, लाटत बसलेय, आणि मामा बघतोय काय — तर फ्यूज! अहो, घर बघायचं म्हणजे काय बघतात? अंगण बघतात, देव्हारा बघतात, मुलगा बघतात, सासू तोंडाळ आहे का ते बघतात — आहे, आहे मी तोंडाळ, लपवून काय करायचं — पण भिंतीला नाक लावून वायर कुठून कुठं गेली ते कुणी बघतं का? माझ्या वेळी माझे काका आले होते हेच घर बघायला. आडाचं पाणी पिऊन बघितलं, परड्यातल्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, आणि संध्याकाळच्या आत सुपारी फोडून मोकळे. वायर त्यांनी विचारलीसुद्धा नाही. असती तर विचारली असती म्हणा, तेव्हा कंदीलच होता.

हो, माहीत आहे मला तुमचं काम. मालतीच्या आईनंच सांगितलं — आमचा भीमसेन सांगलीकडं घराघरांत जाऊन वायरिंग तपासतो, काय नाही ते लिहून वर पाठवतो. मोठं काम आहे, मी कुठं नाही म्हणते. पण मामा, तुमचा नियम तुमच्या सांगलीचा. तिकडं म्हणे ती पेटी दिसली नाही तर साहेब मीटरच देत नाही. वीज कुठं भिंतीत, पाण्यात, माणसात पाझरायला लागली की पेटी आपण होऊन खटकन सगळं बंद करते — हेच ना? कळतं मला, अडाणी नाही मी, विजेच्या दुकानदाराची बायको आहे. पण मिरजेला गाडीत बसलात आणि कुडचीच्या पुलाशी पोचलात, तोवर राज्य बदललं, साहेब बदलला, नियम बदलला. आणि राज्याचं कशाला, इथं हुबळीचं धारवाडला चालत नाही! गंमत सांगते. दुकान आमचं धारवाडला. तिथला साहेब आला, म्हणाला अर्थिंग पाहिजे, म्हणजे जादाची वीज जमिनीत उतरायला वाट पाहिजे, त्याला वेगळा खड्डा पाहिजे, खड्ड्यात कोळसा पाहिजे, मीठ पाहिजे, त्याशिवाय सही नाही. बरं बाबा. पुढं घरचं काम निघालं तेव्हा इथला साहेब आला, चहा प्याला, म्हणाला — खड्डाबिड्डा कशाला, नळाच्या पाइपाला वायर बांधा, पाइप जातोय की जमिनीत! झालं. तीच वीज, तोच दिवा, मधे एक उणकलचं तळं, आणि दोन नियम. मग मी कुठल्या नियमानं लाजू, सांगा. सांगलीच्या, हुबळीच्या की धारवाडच्या?

आणि उभे आहात कुणाच्या घरात, ते तरी बघा. धारवाडच्या सुभाष रोडवर जाऊन कुणालाही विचारा. दुकानाच्या पाटीवर नाव आहे ते मी घेत नाही, तुम्ही वाचा. धारवाडातली अर्धी घरं आमच्या ह्यांच्या वायरीवर उजळतात. पंखे, मिक्सर, बॉयलर, आता टीव्हीचे अँटेना — आणि हो, ती तुमची पेटीसुद्धा! काचेच्या कपाटात मांडलेली आहे, ओळीनं. मोठे लोक नेतात, डॉक्टर, वकील, कॉलेजातले मास्तर. हे त्यांना सगळं समजावून सांगतात, असं छान सांगतात ना, ऐकत राहावं. “साहेब, माणसाचा जीव एकदा गेला की परत येत नाही” — असं म्हणतात, आणि गिऱ्हाईक गप्प पेटी घेऊन जातं. मग आपल्या घरात का नाही म्हणता? आता हलवायाच्या घरात रोज जिलेबी असते का? तसंच ते.

नाही नाही, हसू नका. आमच्या घरात पेटी नसेल, पण शिस्त आहे. पेटीपेक्षा शिस्त बरी, की नाही? आता बघा — मोरीत गरम पाण्याचा तो पांढरा बॉयलर आहे ना, तो चालू असेल तर नळाला हात लावायचा नाही. लावायचाच नाही. आधी मोठ्यानं ओरडायचं, “बॉयलर बंद?” — मग आतून जो कोणी असेल त्यानं “बंद!” म्हणायचं — आणि मग पाटावर उभं राहायचं, तो लाकडी पाट मोरीच्या दारातच ठेवलेला असतो बघा — आणि मग नळाला आधी हाताची उलटी बाजू लावायची, अशी, चट्कन. उलटी का? कारण सुलट्या हातानं धरलं आणि तेवढ्यात बसला, तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात आपोआप मागं येतो. हे कुणी शिकवायला लागत नाही, दोन-चारदा झालं की अंगवळणी पडतं. मी मालतीला चार दिवसांत शिकवीन, काही काळजी करू नका. पोरगी हुशार आहे. मला तर ती बघताक्षणीच आवडली — खाली मान घालून बसली नाही, मी नाव विचारलं तर माझ्याकडं बघून सांगितलं, वर मलाच विचारलं, “तुम्हाला इथं करमतं का?” बाई, आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं! मी ह्यांना परत येताना गाडीतच म्हटलं, हीच सून मला पाहिजे. नारायणाचंही मन बसलंय, बोलत नाही तो, पण नवा शर्ट शिवून घेतलाय. तेव्हा मामा, तुम्ही एका पेटीपायी नाट लावू नका. हात जोडते.

“बसला तर” म्हणजे? म्हणजे काय — ते बारीकसं. शॉक म्हणायलासुद्धा नको. मुंग्या येतात बघा, तसं. आम्ही “नळ चावतो” म्हणतो. बारीकसं चावतो. आणि नळाला पाणी रोज कुठं येतं हुबळीत, आज आलं तर पुन्हा चार-पाच दिवसांनी, मग रोज कुठला चावतोय तो! पाण्याच्या दिवशी तेवढं. आणि तेही आम्हा बायकांनाच. पुरुषांना आजवर एकदाही नाही. हे मुद्दाम टेस्टर लावून बघतात, टेस्टरचा दिवा असा मिणमिण करतो न करतो, आणि म्हणतात — बघा, काही नाही, वहम आहे तुमचा. बायकांचं अंगच नाजूक, म्हणतात. नारायणही तेच म्हणतो, बाप म्हणतो म्हणून —

काय? कुणाच्या पायात? ह्यांच्या? रबरी सपाता असतात की. मोरीत जाताना घालूनच जातात दोघंही, फरशी गार लागते ना. आम्ही? छे, आम्ही बायका कुठल्या घालतोय सपाता मोरीत, अनवाणीच, आणि धुण्याच्या पाण्यात घोट्यापर्यंत — असं काय बघताय? बिडरी, सोडा तो विषय. चहा गार झाला तुमचा.

खड्डा? होता की. आधी खड्डाच होता आमच्याकडं, आणि तो कसा गेला ते ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, ह्या माणसाचं चुकलं तरी काय. घरात पहिल्यांदा लाइट घेतली तेव्हा हे तरुण होते, नवं नवं शिकलेले, सगळं आपल्या हातानं करायची हौस. म्हणाले, लोकांचे अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात सुकतात, कोण त्यात पाणी ओतणार, आणि सुकला खड्डा की अर्थिंग नावालाच. मग ह्यांनी काय युक्ती केली — खड्डा खणला तो परड्यात तुळशीवृंदावनाला अगदी लागून! म्हणजे घरातल्या बायका रोज सकाळी तुळशीला पाणी घालणार, तेच झिरपून खड्ड्याला मिळणार, कुणाला आठवण करायला नको. केवढं डोकं, सांगा! साहेबानंसुद्धा पाठ थोपटली. आणि तेव्हा, मामा, खरं सांगते, तेव्हा आमच्या घरात मुंगीसुद्धा चावली नाही कुणाला. पण खड्ड्यात घातलेलं असतं मीठ. पोतंभर मीठ. आम्ही रोज भक्तिभावानं पाणी घालतोय, आणि ते मीठ विरघळून जातंय तुळशीच्या मुळाशी. तुळस वाळली. दुसरी लावली, तीही वाळली. तिसरी लावली, तिची पानं काळी पडून गळाली. आता सवाष्णीच्या दारात तुळस वाळते म्हणजे काय! सासूबाईंनी अन्न टाकलं. शेजारपाजारच्या बायका यायच्या, वृंदावनाकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, आणि “अव्वा!” म्हणून तोंडावर पदर धरायच्या. मलाच बोल लागला, मी विटाळ पाळत नाही म्हणून. मिठाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही हो, ह्यांच्यासुद्धा नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, वृंदावनाजवळ लोखंड पुरलंय, देवाच्या मुळाशी वीज सोडलीय, म्हणून हा कोप. ते उपट आधी, मगच मी पाण्याला तोंड लावीन. आईपुढं काय करणार? उपटला खड्ड्यातला पाइप. मीठ-कोळसा काढून टाकला, नवी माती भरली. आणि तुळस अशी फोफावली मग! सासूबाई जाईपर्यंत सांगत होत्या सगळ्या गल्लीला — बघा, मी म्हटलं होतं की नाही. मिठाचं फार पुढं कळलं. पण तोवर त्या गेल्या होत्या, आणि वायर तर नळाला बांधून झाली होती, इथल्या साहेबाच्या सांगण्यावरून. आणि नळाला बांधली तरी बरी वर्षं काही झालं नाही, हेही लिहा तुमच्या रिपोर्टात! पाइप लोखंडी होता, रस्त्यापर्यंत जमिनीत पुरलेला. वीज उतरत होती गुपचूप.

मग? मग काय, रस्ता खणला, जुना पाइप गंजला होता, तो काढून नवीन घातला. प्लास्टिकचा. स्वस्त, गंजत नाही, सगळ्या गल्लीनं घातला, आम्हीही — हो. हो, रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत प्लास्टिक, आत मोरीत मात्र लोखंडीच. हो, अर्थिंगची वायर त्यालाच. अजून त्यालाच आहे. बॉयलरचीही त्यालाच. असं डोक्याला हात लावू नका, मामा, मला कसंतरी होतं. प्लास्टिकमधून वीज उतरत नाही हे मला कुणी सांगितलं होतं का? मी आपली नवा नळ आला म्हणून पूजा केली.

श्यामला ओरडायला लागली ती त्यानंतर. श्यामला म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिरांची बायको. ती माहेरी असते, अळणावरला. इथली हवा मानवत नाही तिला. भांडखोरही आहे जरा, तुमच्या कानावर येईलच, लोक काय, तिखटमीठ लावून — म्हणून मीच आधी सांगते. हवा मानवत नाही, बस्स. दीर जातात सणावाराला. तिचा ह्या लग्नाशी काही संबंध नाही.

नाही, भांडखोर नव्हती ती. उगीच का म्हणू मी. ती असताना ह्या घरात हसण्याचा आवाज असायचा, मामा. दोघी मिळून पापड लाटायचो, दोघी मिळून सासूबाईंच्या नकळत चोऱ्या करायचो, खारवलेल्या शेंगा पदरात घेऊन माडीवर बसायचो. ती पहिल्यांदा म्हणाली, अक्का, नळ चावला मला. सगळे हसले. दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. मग हसायचे थांबले आणि चिडायला लागले. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. हे म्हणाले, विजेच्या दुकानदाराच्या घरात बसून विजेला नावं ठेवते, बाहेर कुणी ऐकलं तर गिऱ्हाईक येईल का दुकानात? दीर बिचारे भावापुढं तोंड उघडत नाहीत. आणि मला काय, मला तर दर पाण्याच्या दिवशी चावत होता तो नळ, मी मुकाट्यानं पाट घेऊन उभी राहायची. तिला म्हणायची, तूही घे की पाट, कशाला बोंबलतेस. ती म्हणायची, अक्का, मी पाटावर का उभी राहू? माझ्या माहेरी कुणी नळाला भीत नाही.

त्या दिवशी बॉयलर ह्यांच्या आंघोळीसाठी लावलेला होता. पाणी आलं म्हणून ती घागर घेऊन मोरीत गेली, ओल्या फरशीवर, आणि नळ सोडायला मूठ घातली. सुलटी. मला घागर पडल्याचा आवाज आला. ओरडली नाही ती, ओरडायला येत नव्हतं तिला, नुसती नळाला धरून अशी थरथरत उभी, डोळे माझ्याकडं. मी काय करणार, मी धुणं धोपटायचा लाकडी दांडका उचलला आणि तिच्या मनगटावर हाणला, दोन्ही हातांनी हाणला, ती सुटून पलीकडं पडली. माझ्या मारानं हाड मोडलं की विजेनं शिरा गेल्या, डॉक्टरांना तेही सांगता आलं नाही. उजव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली तिची. अजून मिटलेली आहेत. भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. आणि घरात काय ठरलं? की मोरीत पाय घसरून पडली. डॉक्टरांना तेच सांगितलं, तिच्या भावांना तेच सांगितलं. तिनं सांगायचा प्रयत्न केला, तर हे म्हणाले, डोक्यालाही मार लागलाय हिच्या. तिनं मग एक दिवस सरळ सांगितलं — तो नळ नीट होईपर्यंत मी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि गेली. तेव्हापासून ती भांडखोर.

डोळ्यांत काही गेलंय माझ्या. थांबा. हे मी तुम्हाला का सांगत बसलेय? तुम्ही एकेक विचारत जाता, म्हणून माणूस बोलत जातं. हे सगळं रिपोर्टात लिहायचं नाही, सांगून ठेवते!

आणि यांनी काहीच केलं नाही असंही समजू नका. घाबरले होते ते. रात्री झोपत नव्हते. श्यामला गेल्यावर एक दिवस गुपचूप दुकानातून ती पेटी घेऊन आले, तुमची तीच, आणि स्वतः शिडी लावून बसवली बोर्डावर. म्हणून तर मी मघापासून म्हणतेय, तुमच्या पेटीत काही दम नाही! बसवली आणि मेन चालू केला — ठीक. बॉयलर लावला — खटक! सगळं घर बंद. पुन्हा वर केली, पुन्हा बॉयलर लावला — खटक! दिवसभर तेच. उभीच राहीना ती. शेवटी हे म्हणाले, पेटीच खराब निघाली, कंपनीचा माल फालतू, आणि संध्याकाळी काढून परत घेऊन गेले दुकानात. मग सांगा, असल्या खराब पेटीसाठी तुम्ही माझ्या नारायणाचं लग्न मोडणार?

का हो? चष्मा का काढलात? — थांबा. थांबा, मला बोलू द्या. वीज पाझरायला लागली की पेटी बंद होते. तुम्हीच म्हणालात, मीही म्हटलं. बॉयलर लावला की पेटी बंद होत होती. मग ती — ती खराब नव्हती. ती बरोबर सांगत होती. दिवसभर, पुन्हा पुन्हा खटकन, ती हेच सांगत होती की श्यामला खरी आहे.

नाही, ह्यांना कळलं नसेल. घाईत कळलं नसेल. इतकी वर्षं विजेच्या धंद्यात असून — नाही, कसं कळेल? — पण मामा, ती पेटी यांनी कंपनीला परत नाही केली. मला माहीत आहे, त्याच आठवड्यात धारवाडातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊन बसवली, डब्याचा कोपरा फाटलेला होता म्हणून मी डब्याला चिकटपट्टी लावून दिली होती माझ्या हातानं. “खराब आहे ना हो ती?” मी विचारलं होतं. म्हणाले, तुला काय कळतंय. आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या घरी अजून चालते ती. गेल्या दिवाळीला भेटल्या मला लक्ष्मीच्या देवळात, कौतुक करत होत्या, तुमच्या ह्यांनी दिलेली पेटी एकदासुद्धा उगीच पडली नाही म्हणून.

म्हणजे माहीत होतं. पेटी चांगली, घर वाईट. श्यामलाच्या हाताचं माहीत होतं, माझ्या पाटाचं माहीत होतं. मग खड्डा पुन्हा का नाही खणला? परडं आहे, मीठ आहे, कोळसा आहे, तुळशीपासून चार हात लांब खणायचा, एका दिवसाचं काम! पण खणला असता तर गल्लीनं विचारलं असतं, का खणता. श्यामलाच्या भावांनी विचारलं असतं. तिला मुकाट्यानं परत आणावं लागलं असतं, सगळ्यांदेखत, “तू खरं बोलत होतीस” असं म्हणून. तेवढं एक वाक्य आमच्या ह्यांच्या तोंडून निघालं नसतं. त्यापायी माझी जाऊ घर सोडून गेली. आणि त्याच मोरीत मी आता मालतीला आणून उभी करणार होते, आणि चार दिवसांत उलटा हात लावायला शिकवणार होते! कसली सासू मी? शिस्त म्हणे!

स्कूटर वाजली. आले. बसा, मामा, उठू नका, आज तुम्ही पाहुणे आहात. डोळे पुसायचे कशाला, बघू देत. — या. पानं मिळाली? बरं झालं. ताटं मांडलेली आहेत, होळगी गरम आहे, मामांना भूक लागलीय. अहो, बाहेरून आलात, पाय धुऊन या आधी. हो, मोरीत. आज पाणी आलंय, नळ सोडा, पाय धुवा. सपाता काढा पण. रोज घालता, आज काढा. बॉयलर? हो, चालू आहे, मघाशी भांड्यांसाठी लावला, तसाच आहे, राहू दे की. वहमच आहे ना आमचा? मग काढा सपाता आणि धरा नळ. मामांना बघू दे, त्यांना रिपोर्ट लिहायचाय. — नाही, मला काही झालेलं नाही. मोठ्यानं बोलतेय? बोलणारच. हे घर माझंही आहे. जा. जा की! एवढं चार पावलांवर, पाय धुवायला कसला विचार करताय?

नारायणा, तू कुठं निघालास? तू मधे पडू नकोस. — “मी लावतो हात, त्यात काय” म्हणे! काढू नको सपाता — नारायणा! — अहो —

ऐकलंत, मामा? हे काय ओरडले, ऐकलंत ना? किंकाळीच फोडली. हात धरून ओढलं पोराला मागं, भिंतीवर आपटलं, बघा, कोपर फुटलं त्याचं. बस, नारायणा, खाली बस, काही झालेलं नाही, तुझा हात लागलाच नव्हता. — आणि तुम्ही, तुम्ही का ओढलंत त्याला? पोटच्या पोराचा हात म्हटल्यावर वहम कुठं गेला? श्यामलाच्या वेळी का नाही ओरडलात असं? माझ्या वेळी का नाही एकदा तरी?

गप्प राहा आता. पुष्कळ बोललात इतकी वर्षं.

मामा, तुमचा रिपोर्ट माझ्याकडून घ्या. ह्या घरात मुलगी देऊ नका. ती पेटी बसेपर्यंत नाही, परड्यात खड्डा खणेपर्यंत नाही, आणि माझी जाऊ अळणावरहून येऊन ह्या मोरीत उभी राहून स्वतःच्या तोंडानं “आता चावत नाही” म्हणेपर्यंत नाही. मालतीला सांगा, सासूनंच मोडलं. तिला हेही सांगा, की तिनं मला विचारलं होतं ना, करमतं का म्हणून — नाही करमत. उठा. जेवणाचं राहू द्या, होळगी बांधून देते गाडीत खायला. मिरजेची गाडी अजून गेलेली नाही.